पाणघोड्याचं पार्सल

"पार्सलमध्ये काय आहे?" टपालाच्या पार्सल कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, आणि मी खरं उत्तर दिलं. सगळं तिथेच बिघडलं.

"जुनी कार्टून फिल्म," मी म्हणालो.

"मुलांसाठी?"

"नाही. माझ्यासाठी."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरचे उरलेसुरले केस पाहिले, काखेतली छत्री पाहिली, खिशाला लटकवलेलं विमा कचेरीचं ओळखपत्र पाहिलं. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारली आणि त्याही बघायला आल्या. एखाद्यानं खोटे दात हरवल्याची तक्रार केली तर विमा कचेरीत आम्हीही असंच एकमेकांना बोलावतो, त्यामुळे मला त्यांचा राग आला नाही. फक्त खिडकीच्या या बाजूला उभं राहून ते कसं वाटतं, हे पहिल्यांदा कळलं.

आता ही भानगड काय ते सांगायला हवं. मला जुनी, कोणालाही माहीत नसलेली कार्टून्स जमवायचा नाद आहे. सगळ्यांना माहीत असलेली कार्टून्स वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण ती दप्तरांवर असतात, कपांवर असतात, टूथपेस्टच्या खोक्यावर असतात. त्यांना माझी गरज नाही. विसरलेल्या कार्टूनची गोष्ट निराळी. कुठल्याशा खोलीत चार-दोन माणसं महिनोन्‌महिने पाठ मोडेस्तोवर चित्रं काढत बसली. बदकाची चाल जमेना म्हणून एकजण खोलीभर बदकासारखा चालून बघत असणार. एवढं सगळं करून पडद्यावर काय, तर काही मिनिटं. मग कंपनी बुडाली, माणसं पांगली, बदकाचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याकडे असा एक तुकडा आहे, त्यात बदकाच्या कोटाची तीन बटणं मधेच चार होतात आणि पुन्हा तीन होतात. चित्रकाराला त्या दिवशी डुलकी लागली असणार. ते चौथं बटण आलं की मला त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटतो. हे मी एकदा बायकोला समजावून सांगितलं होतं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमची साखर कधी तपासली होती?"

या नादाची आमच्या गावात माणसं दोनच. एक मी आणि दुसरे दातांचे डॉक्टर. दोघांचा छंद एकच म्हटल्यावर आमची मैत्री असेल असं कोणालाही वाटेल. आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे. त्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, माझ्याकडे नाही. ते संग्राहकांच्या मासिकात लेख लिहितात, मी ते लेख वाचून पत्रं लिहितो, आणि ती छापली जात नाहीत. 'टपालवाला पाणघोडा' या फिल्मवरून तर आमचं कायमचं फाटलं होतं. एका बुडीत कंपनीनं तिची जाहिरात केली होती, पण फिल्म पाहिलेला माणूस कुणाला भेटलेला नव्हता. मी म्हणायचो, ती कुठेतरी असणार. डॉक्टर म्हणायचे, ती बनलीच नाही. "बनलीच नाही!" असं त्यांनी मला शेवटचं सांगितलं तेव्हा माझा जबडा उघडा होता आणि त्यात त्यांचं यंत्र घरघरत होतं. वादात याहून अन्यायाची जागा मला माहीत नाही.

आणि आता ती फिल्म माझ्या नावावर येऊन पडली होती. दूरच्या एका गावात सिनेमाघरातल्या एका जुन्या ऑपरेटरची मुलगी घर आवरत होती. तिला माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला. झाकणावर टोपीवाला पाणघोडा. ओळखीतून ओळख निघत ही गोष्ट माझ्यापर्यंत आली. "भंगारात टाकत होते, तुम्हाला हवं असेल तर पाठवते," ती फोनवर म्हणाली. आनंदानं माझा आवाज इतका चिरकला की तिनं विचारलं, "घरी कोणी मोठं माणूस आहे का?"

तर बाईंनी नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं. फिल्म ही पेट घेणारी वस्तू, म्हणून अग्निशमन दलाचा दाखला हवा. शिवाय फिल्ममध्ये मजकूर असतो, तो आक्षेपार्ह नाही याची खात्री करायला हवी.

"पाणघोडा आहे हो," मी म्हणालो.

"कपडे घातलेत?"

"टोपी आहे."

"फक्त टोपी?" बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन जिना चढतो तोच खालच्या मजल्यावरचे खजिनदार भेटले. आमच्या इमारतीचं खजिनदारपद त्यांनी कधीच सोडलं, पण हुद्दा चिकटला तो चिकटलाच. सल्ला मागितला नाही म्हणून द्यायचा नाही, असा संकुचित विचार ते करत नाहीत.

"तुम्ही खरं बोललात हे चुकलं," ते म्हणाले. "कचेरीत 'शैक्षणिक' म्हणायचं. शैक्षणिक म्हटलं की कोणी उघडून बघत नाही. शिक्षणात बघण्यासारखं काय असतं?"

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी सांगितलं, फिल्म शैक्षणिक आहे. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "मग सोपं आहे. संस्थेचा शिक्का आणा."

"कुठल्या संस्थेचा?"

"जिथे तुम्ही शिकवता तिथला. काल विमा कचेरीत होतात, आज शिकवता म्हणताय. नक्की काय करता तुम्ही?"

माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस पुढे वाकून माझं ओळखपत्र वाचायला लागला. मी शैक्षणिक हा शब्द मागे घेतला आणि सरळ अग्निशमन दलाकडे गेलो.

तिथले अधिकारी मिशीवाले आणि कामाचे चोख. मी त्यांना सांगितलं की जुन्या काळी पेट घेणाऱ्या फिल्मा होत्या हे खरं, पण ही अरुंद पट्टीची घरगुती जातीची फिल्म आहे, ही भडकत नाही. तिच्या काठावर 'सुरक्षित' असं छापलेलंच असतं.

"छापलेलं काय, कशावरही छापतात," ते म्हणाले. "तुकडा आणा. काडी लावून बघतो."

"फिल्म पार्सल कचेरीत अडकलीय. तुमच्या दाखल्याशिवाय मिळत नाही."

"आणि तुकड्याशिवाय दाखला मिळत नाही."

शेवटी त्यांनाच माझी दया आली. ते म्हणाले, "मीच येतो तिकडे." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. मात्र कामावर असताना त्यांना गाडीशिवाय हलता येत नाही, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी पार्सल कचेरीच्या दारात लाल बंब येऊन उभा राहिला. घंटा वाजवली नव्हती, पण बंबाला घंटेची गरज नसते. समोरच्या शिंप्यानं दुकानातले कपडे रस्त्यावर आणून ठेवले. रांगेतली माणसं बाहेर पळाली, एका आजोबांनी मात्र "आता माझाच नंबर!" म्हणून खिडकी सोडली नाही. मी बाजूला उभा राहून, या सगळ्याशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करत होतो, तेवढ्यात मिशीवाल्या साहेबांनी खणखणीत आवाजात हाक मारली, "पाणघोडेवाले कुठे आहेत?"

कचेरीच्या मागच्या अंगणात फिल्मच्या सुरुवातीची कोरी पट्टी बोटभर कापली आणि साहेबांनी तिला काडी लावली. पट्टी आक्रसली, वाकडी झाली, घाण वास सोडला, पण भडकली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं: 'सदर वस्तू पेट घेत नाही.' सहीखाली दोन रेघा मारल्या. एक अडथळा संपला.

आता मजकूर. तो बघायला प्रोजेक्टर हवा, आणि कचेरीकडे प्रोजेक्टर नव्हता. "तुमचा आणा," बाई म्हणाल्या. गावात प्रोजेक्टर एकच. मी अभिमान गिळून दवाखान्यात गेलो. या वेळी खुर्चीत न बसता उभ्यानंच सांगितलं, "डॉक्टर, टपालवाला पाणघोडा आलाय."

डॉक्टरांच्या हातातून कापूस पडला. खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलेल्या पेशंटनं "आँ?" केलं. त्याच्याकडे दुर्लक्ष करून डॉक्टर म्हणाले, "बनलीच नाही ती."

"मग बघायला येऊ नका. फक्त प्रोजेक्टर द्या."

"माझ्या प्रोजेक्टरला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही," ते म्हणाले आणि लगेच अंगातला पांढरा कोट काढायला लागले. पेशंटला आठवण करून द्यावी लागली की ते त्याच्यासाठी उभे आहेत.

मधल्या सुट्टीत, जिथे पार्सलांची वाटणी करतात त्या लांबड्या खोलीत खेळ ठरला. पडदा म्हणून बायकोनं पलंगावरची पांढरी चादर दिली, आणि चादर परत येईल याची खात्री नाही म्हणून तीही चादरीबरोबर आली. खजिनदार सल्ला द्यायला आले. बंबवाले साहेब आग विझवायचं लाल नळकांडं हातात घेऊन मागच्या भिंतीशी उभे राहिले. त्यांचं काम संपलं होतं. पण "आलोच आहे तर" म्हणाले. वाटणी करणारी माणसं डबे उघडून पोत्यांवर बसली. आणि खेळ सुरू होणार तेवढ्यात दारातून कचेरीचे मोठे साहेब आत आले.

मोठे साहेब देहानं भरभक्कम होते, मान अशी वेगळी दिसत नव्हती आणि चालताना ते फार सावकाश आणि फार गंभीरपणे चालत. मी याहून जास्त वर्णन करत नाही. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, असं बाईंनी माझ्या कानात सांगितलं. साहेबांना खुर्ची दिली. साहेब खुर्चीत बसले. खुर्ची बोलली.

त्याच वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी सगळ्यांना पाणघोडा, पाणघोडा सांगत आलो होतो. तो नोकरी कुठे करतो हे कचेरीत कोणालाच बोललो नव्हतो.

डॉक्टरांनी खटका दाबला. चादरीवर ओरखडे, धूळ, ठिपके, आणि मग पाणघोडा आला. डोक्यावर टपालवाल्याची टोपी, तीही दोन नंबरांनी लहान. डॉक्टरांच्या तोंडून "अरे!" एवढाच आवाज निघाला. इतक्या वर्षांच्या भांडणात ते मला याहून गोड काही बोललेले नाहीत.

फिल्म मुकी होती, पण तिला शब्दांची गरज नव्हती. पाणघोडा 'जपून हाताळा' लिहिलेल्या खोक्यावर बसून नाश्ता करतो. पाणघोडा शिक्के मारायला लागतो आणि पत्रं संपली तरी थांबत नाही. टेबलावर मारतो, भिंतीवर मारतो, बाजूनं चाललेल्या कासवाच्या पाठीवर मारतो. घास हातातच राहिले. कोणी पडद्याकडे बघत नव्हतं. सगळे मोठ्या साहेबांच्या पाठीकडे बघत होते. साहेबांची पाठ हलत नव्हती. मी मनातल्या मनात फिल्मला निरोप दिला.

मग पाणघोड्यानं जांभई दिली आणि हातातलं पत्र गिळलं.

नेमक्या त्या जांभईवर फिल्म अडकली. चादरभर नुसता उघडा जबडा. एका दाढेपाशी तपकिरी डाग उठला आणि पसरायला लागला. यंत्रातून धुराची बारीक रेघ निघाली.

"दिवा बंद करा!" मी ओरडलो.

"मागे व्हा!" बंबवाले ओरडले आणि नळकांडं उगारून धावले.

जगात त्या फिल्मची तेवढीच एक प्रत होती. मी दुसरा काही विचार केला नाही. हात पसरून प्रोजेक्टरच्या पुढे उभा राहिलो. नळकांड्यातली पांढरी पूड सगळीच्या सगळी माझ्या अंगावर आली. ती खाली बसली तेव्हा खोलीतली माणसं मला आणि मी खोलीतल्या माणसांना हळूहळू दिसायला लागलो. भुवयांपासून बुटांपर्यंत मी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होतो.

"मी लेखी दिलंय, पेट घेत नाही म्हणून!" बंबवाले साहेब दुखावून म्हणाले.

"पेटली नाही, वितळली," डॉक्टर म्हणाले.

"वितळण्याबद्दल मला कोणी विचारलंच नव्हतं."

"मी आधीच सांगितलं होतं," खजिनदार म्हणाले. काय सांगितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

बायको उठली. तिला वाटलं मला आता घरी न्यावं. पण माझा चेहरा बघून ती थांबली, पदरानं माझा चष्मा पुसला आणि पुन्हा माझ्या डोळ्यांवर चढवला. "बघा, काय वाचतंय का ते," ती म्हणाली. साखरेचं काही बोलली नाही.

डॉक्टरांनी खिशातून चिमटा काढला. वाद सोडून द्या, पण माणसाचा हात स्थिर. त्यांनी जळकी चित्रं कापली, दोन टोकं जुळवली, चिकटवली. "तीन चित्रं गेली. दाढ किडलेलीच होती," ते पुटपुटले. हा त्यांचा विनोद होता हे मला उशिरा कळलं.

"झालं का?" मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "मग लावा. पत्र गिळलं त्यानं. पुढे?"

पुढे पाणघोडा एका म्हाताऱ्या शेळीच्या दारात जाऊन उभा राहतो. पत्र तिचं असतं. तो मान खाली घालून कबुली देतो. शेळी विचार करते, घरातून कंदील आणते, पाणघोड्याला तोंड उघडायला लावते आणि आत शिरते. त्याच्या गालांतून कंदिलाचा उजेड दिसायला लागतो. आत बसून ती लेकराचं पत्र वाचते. शेळीचं वाचून होईपर्यंत पाणघोडा जबडा उघडा ठेवून उभा. पाऊस येतो तरी उभा. फुलपाखरू नाकावर बसतं, शिंक येते, ती शिंक तो दोन्ही हातांनी धरून ठेवतो.

पहिल्यांदा माझी बायको हसली. ती अशी खळखळून हसते हे मी विसरूनच गेलो होतो. मग खिडकीवरच्या बाई हसल्या, मग पोत्यांवरची सगळी माणसं. मोठे साहेब हसत होते की नाही ते कळत नव्हतं. पण खुर्ची करकरत होती.

शेवटी पाणघोडा ओल्या टोपीनं कचेरीत परत येतो. तिथे साहेब म्हणून एक शहामृग बसलेला. फुटलेली खोकी, शिक्के मारलेलं कासव, सगळे पुरावे समोर मांडलेले. शहामृग हात पुढे करतो: टोपी दे. पाणघोडा दोन्ही हात टोपीकडे नेतो, हळूहळू टोपी उचलतो...

आणि चादर पांढरी झाली. फिल्मचं टोक चाकावर फटफट करत फिरत राहिलं. पुढचा तुकडा तुटून कधीच हरवला होता.

मोठे साहेब खुर्ची फिरवून माझ्याकडे वळले. "मजकूर आक्षेपार्ह नाही," ते म्हणाले. "पार्सल द्या यांना." बाईंनी मान डोलावली. मी उठलो, तरी साहेब माझ्याकडे बघतच होते.

"तुम्ही यातले जाणकार," ते जरा खालच्या आवाजात म्हणाले. "त्याला काढतात का हो?"

जगात कोणालाही हे माहीत नव्हतं. संग्राहकाचा एकच धर्म असतो: जे पाहिलं नाही ते सांगायचं नाही. याच मुद्द्यावर मी मासिकाला किती पत्रं लिहिलीत! पण समोर ते साहेब बसले होते, पुढच्या महिन्यात त्यांच्या टेबलावर दुसरा कोणी बसणार होता, आणि ते खुर्चीच्या टोकावर आले होते.

"नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडातून थोडी पूड उडाली. "ती शेळी येते. मागे सगळं गाव घेऊन येते. त्यांना पत्रं त्याच्याच तोंडात बसून वाचायची असतात. दारापासून रस्त्यापर्यंत रांग लागते. शहामृग टोपी परत देतो."

बोलून झाल्यावर मला डॉक्टरांची आठवण झाली. ते मागे उभे राहून फिल्म गुंडाळत होते. मी डोळे मिटले.

"बरोबर," डॉक्टरांचा आवाज आला. "मोठी टोपी देतो. मापाची. माझ्या वाचनात आलंय ते."

"मापाची," साहेब म्हणाले. ते सावकाश उठले, शर्ट नीट केला आणि गंभीरपणे आपल्या खोलीकडे गेले. दारापाशी पोचल्यावर मात्र त्यांची पाठ हलायला लागली, आणि आत गेल्यावरही बराच वेळ त्यांचा हसण्याचा आवाज येत राहिला.

बाहेर आल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. डबा माझ्या हातात, प्रोजेक्टर त्यांच्या. "हे कुठे छापायचं नाही," मी म्हणालो. "छे, छे," डॉक्टर म्हणाले. "मी काय वेडा आहे?"

मासिकाच्या पुढच्याच अंकात त्यांचा लेख आला. मला त्यांनी सहलेखक केलं होतं, म्हणून मी फार बोलू शकलो नाही. रांग होती, शेळी होती, मापाची टोपी होती. 'दोन जाणकारांच्या माहितीनुसार' असं लिहून खाली आमची दोघांची नावं.

परवा दुपारी घरी फोन आला. पलीकडे एक थकलेला, पण ठाम आवाज. ते लांबच्या गावचे, वयानं पार पिकलेले संग्राहक होते. लेख वाचून राहवलं नाही म्हणाले. "तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. मी लहानपणी तंबूत पाहिली होती ती फिल्म. तो शेवट मला अजून स्वच्छ आठवतो. फक्त एक चूक आहे तुमची. रांगेत सगळ्यात शेवटी ते कासव असतं. शिक्का मारलेलं. ते तुम्ही विसरलात."

मी फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. बायकोनं काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं.

तिनं थोडा विचार केला. "कासव पाहिजेच," ती म्हणाली. "डॉक्टरांना कळवा."